तान्हं मूल, दातांचा दवाखाना आणि मधेच सोडता येणारी कामं

दातांचा दवाखाना आणि तान्हं मूल एकत्र सांभाळायचं म्हटलं की 'वेळेचं नियोजन कर' हा सल्ला सगळेच देतात. त्याने फार काही होत नाही. आमच्या कामात अडतं ते वेगळ्याच ठिकाणी : हातात घेतलेलं काम कुठल्या टप्प्यावर सोडून उठता येतं आणि कुठल्या टप्प्यावर काही झालं तरी उठता येत नाही. हे एकदा कागदावर मांडलं की अपॉइंटमेंटची वही, असिस्टंटची ड्युटी, पाळणाघराची वेळ, सगळं त्यावरून लावता येतं.

आम्ही दोघंही डेंटिस्ट. क्लिनिक भांडुप पश्चिमेला. मी जनरल प्रॅक्टिस करते, नवरा रूट कॅनालचा कन्सल्टंट म्हणून घाटकोपर ते ठाणे या पट्ट्यातल्या क्लिनिकांत जातो. जानेवारी २०२२ मध्ये दिवस गेल्याचं कळलं तेव्हा स्वतःच्या क्लिनिकसाठी गाळे बघणं चालू होतं. जून २०२५ मध्ये मुलगी नर्सरीत गेली. मधल्या काळातलं, दुसऱ्या कुणाच्या कामी येईल तेवढं, क्रमाने लिहिते.

जागेपासून सुरुवात. स्टेशनजवळचा गाळा पेशंटच्या दृष्टीने उत्तम, कारण माणूस गाडीतून उतरला की घरी जाताजाता दवाखान्यात शिरतो. आम्ही तो सोडून घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरचा, आतल्या गल्लीतला तळमजल्याचा गाळा घेतला. भाडं कमी पडलं आणि दोन सेशनच्या मधे घरी जाऊन येणं शक्य झालं. तोटा असा की नवे पेशंट फार हळू वाढतात. पहिलं वर्षभर नेहमीच्या पेशंटवर आणि त्यांनी पाठवलेल्या लोकांवरच भागवायचं आहे असं धरून हिशेब मांडा.

लीव्ह अँड लायसन्सचा करार ११ महिन्यांचा करू नका. डेंटल चेअरसाठी जमिनीतून पाणी, ड्रेन, हवेची लाइन आणि वीज न्यावी लागते. हे सगळं चेअरच्या जंक्शन बॉक्सखाली येतं आणि ड्रेनला उतार मिळावा म्हणून बहुतेक वेळा लादी उचलून घ्यावी लागते. हा खर्च दुसऱ्या जागेत नेता येत नाही. स्टॅम्प ड्युटीचा हिशेब सोपा आहे : एकूण भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून येणारी रक्कम, या बेरजेवर ०.२५ टक्के. उदाहरणार्थ महिना ४०,००० रुपये भाडं, २ लाख डिपॉझिट आणि ३६ महिने असतील तर भाड्याचे १४,४०,०००, व्याजाचे ६०,०००, म्हणजे १५ लाखांवर ३,७५० रुपये ड्युटी. नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये. एजंट जो एकरकमी आकडा सांगतो त्यात यातलं काय किती आहे ते विचारून घ्या.

सोसायटीची एनओसी घेताना 'दवाखाना' एवढंच न लिहिता कॉम्प्रेसर कुठे बसणार, ड्रेनचं पाणी कुठे जाणार आणि जैविक कचऱ्याची गाडी कधी येणार हे अर्जातच लिहून द्यावं. नंतर होणाऱ्या तक्रारी नेमक्या याच तीन गोष्टींवरून होतात. मीटर घरगुती असेल तर वीज कंपनीकडून वापराचा प्रकार बदलून घ्यावा लागतो. भांडुप-मुलुंडला महावितरण आहे, मुंबईत इतरत्र कंपनी वेगळी असते.

एक्स-रे मशिनचं काम सगळ्यात आधी सुरू करा, कारण ते चार हातांतून जातं. अणुऊर्जा नियामक मंडळाचं, म्हणजे एईआरबीचं, मुख्यालय अणुशक्तिनगरला आहे, पण तिथे खेटे घालावे लागत नाहीत. सगळं ई-लोरा या त्यांच्या ऑनलाइन प्रणालीवर होतं. आधी संस्थेची नोंदणी, मग टाइप अप्रूव्हल (मॉडेलला मंडळाची मान्यता) असलेलंच मशिन घेणं, विक्रेत्याकडून बसवून घेणं, क्वालिटी अशुरन्सची चाचणी, तो रिपोर्ट चढवणं आणि मग चालवण्यासाठी रजिस्ट्रेशन. ही चाचणी पुढेही दोन वर्षांतून एकदा करून घ्यावी लागते. जुनं मशिन स्वस्तात मिळत असेल तर त्याचे कागद ई-लोरावर आपल्या नावावर येतील का हे पैसे देण्याआधी बघा. कागद नसलेलं मशिन कितीही चांगलं चालत असलं तरी निरुपयोगी.

कचऱ्याचं त्या मानाने सोपं. आधी आपल्या विभागातल्या सामायिक प्रक्रिया केंद्राचं सभासदत्व घ्यायचं, मग महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज. २०१६ च्या नियमांप्रमाणे खाटा नसलेल्या दवाखान्याला हे अधिकारपत्र एकदाच लागतं, आणि पूर्ण भरलेल्या अर्जावर ९० दिवसांत हरकत आली नाही तर ते मिळालं असं धरलं जातं. म्हणून पोचपावतीची तारीख जपून ठेवा. काढलेला दात पिवळ्या पिशवीत जातो, पण त्यात चांदी (पारा मिसळलेलं भरणं) असेल तर तो जाळण्यासाठी जाऊ देऊ नये, पाऱ्याची वाफ होते. ग्लोव्ह्ज आणि सक्शन टिप लाल पिशवीत, सुया, ब्लेड, रूट कॅनालच्या तुटलेल्या फाइल (सुईसारखी बारीक हत्यारं) टोक आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. पिवळ्यातला कचरा ४८ तासांच्या वर ठेवायचा नाही. रविवार आणि त्याला जोडून सणाची सुट्टी आली की हे गणित बिघडतं, म्हणून अशा सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी दात काढायची कामं लावत नाही.

हे सगळं चालू असताना पोटात मूल होतं, आणि त्यामुळे कामाची पद्धतही बदलावी लागली. रेडिएशनचा नियम स्पष्ट आहे. एईआरबीच्या मर्यादेत कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांच्या डोसचं एकक) चालतात, पण गरोदर असल्याचं जाहीर केल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला १ मिलिसिव्हर्टच्या वर जाता कामा नये. दातांच्या छोट्या एक्स-रेला दोन मीटर लांब, किरणांच्या रेषेच्या बाजूला उभं राहिलं तर डोस नगण्य असतो. अडचण अशी की दीडशे चौरस फुटांच्या ऑपरेटरीत, म्हणजे चेअरच्या खोलीत, दोन मीटर सापडत नाहीत. आम्ही एक्स्पोजरचं बटण दरवाज्याबाहेर, भिंतीआड घेतलं आणि दरवाज्याला पेशंट दिसेल एवढी लेड ग्लासची खिडकी ठेवली. हे फर्निचर होण्याआधी इलेक्ट्रिशियनला सांगितलं तर पैसे फार लागत नाहीत. नंतर सांगितलं तर पॅनेलिंग फोडावं लागतं.

रसायनांमध्ये पाऱ्याचं अमाल्गम आणि लहान मुलांच्या पल्पोटोमीत (दुधाच्या दाताची वरची नस काढण्यात) वापरलं जाणारं फॉर्मोक्रेसॉल पूर्ण बंद केलं. पल्पोटोमीला एमटीए हे सिमेंट महाग पडतं, पण निकालही चांगला मिळतो. ॲक्रिलिकच्या मोनोमरचा वास बंद एसी खोलीत साचतो, म्हणून टेम्पररी कॅप बिस-ॲक्रिलच्या कार्ट्रिजने करायची आणि कवळीची घासाघीस लॅबकडे पाठवायची. युजेनॉल (लवंगेच्या तेलातलं औषध) आणि अल्जिनेट (दातांचं माप घ्यायची पावडर) यांच्या वासाने पहिल्या तीन महिन्यांत मळमळ वाढते. त्याला उपाय एकच, दार उघडं ठेवणं.

सहाव्या महिन्यानंतर पोट आणि पेशंटचं डोकं एकाच जागेसाठी भांडतात. नऊच्या काट्याला, म्हणजे पेशंटच्या बाजूला, बसून वाकण्यापेक्षा अकरा-बाराच्या काट्याला, म्हणजे पेशंटच्या डोक्यामागे बसून आरशातून बघत काम करायची सवय आधीपासून लावून घ्यावी. वरच्या दाढांना ती तशीही लागते. स्टूल नेहमीपेक्षा दोन बोटं उंच, चेअर पूर्ण आडवी, आणि सक्शन पूर्णवेळ असिस्टंटच्या हातात. खालच्या अक्कलदाढा आणि जोर लावावा लागणारे दात सातव्या महिन्यापासून सर्जनकडे दिले. मुंबईत हे सोयीचं आहे. सर्जन, ऑर्थोडॉन्टिस्ट, मुलांचे डेंटिस्ट, सगळे केसमागे पैसे घेऊन आपल्या क्लिनिकमध्ये येतात. फक्त त्यांच्या वेळा पंधरा दिवस आधी घ्याव्या लागतात.

क्लिनिक २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला सुरू झालं. बाळंतपणाची तारीख ऑगस्टच्या शेवटी, ऐन गणपतीत. भांडुपमध्ये कोकणातली घरं भरपूर, निम्मा वॉर्ड गावाला जातो आणि क्लिनिक तसंही सुनंसुनं असतं. त्यानंतर पितृपक्ष, त्यात नवी कवळी नको म्हणणारे पेशंट अजूनही आहेत. म्हणजे धंद्याच्या दृष्टीने सुट्टी बऱ्या वेळी पडली. दिवाळीआधीची गर्दी मात्र लोकमने, म्हणजे माझ्या जागी तात्पुरत्या आलेल्या डॉक्टरने, सांभाळली.

पैशांचं आधी बघून ठेवायला हवं. कायद्याने मिळणारी बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा नोकरी करणाऱ्या बाईला आहे, स्वतःचं क्लिनिक चालवणाऱ्या डॉक्टरला त्यातलं काही मिळत नाही. आणि भाडं, असिस्टंटचा पगार, चेअरचा हप्ता, कचऱ्याचं मासिक बिल, वीज हे सगळं उत्पन्न थांबलं म्हणून थांबत नाही. किमान चार महिन्यांचा हा ठरलेला खर्च वेगळ्या खात्यात हवा. अंदाजित उत्पन्नाच्या योजनेखाली (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ४४एडीए) कर भरत असाल तर ॲडव्हान्स टॅक्स १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरायचा असतो. रजेच्या वर्षी तो भरताना मागच्या वर्षीचा आकडा न घेता चालू वर्षाची जमा बघूनच भरावा.

लोकम नेमताना दंत परिषदेच्या नोंदणीची चालू प्रत आणि प्रोफेशनल इन्डेम्निटीची पॉलिसी फाइलला लावा. आपल्या पॉलिसीत आपल्या जागी काम करणाऱ्या डॉक्टरचं काम धरलं जातं का हे विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्या. आणि सुपूर्द करायची केस तोंडी सांगू नका. अर्धवट रूट कॅनालची नोंद अशी हवी की दुसऱ्याला तुम्हाला फोन करावा लागू नये : दात ३६, मिझिओबकल २०.५, मिझिओलिंग्वल २०, डिस्टल २१ मिमी, प्रत्येकाची लांबी दाढेच्या कुठल्या टोकापासून (कस्पपासून) मोजली, शेवटची फाइल २५ नंबर, आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड, वर काय बसवलं आणि कुठल्या तारखेला. नुसत्या 'आरसीटी चालू' या नोंदीवर दुसरा डॉक्टर पहिल्यापासून एक्स-रे काढणार आणि पेशंट चिडणार. टेम्पररी भरणं किमान साडेतीन-चार मिलिमीटर जाड हवं. तेवढं असलं तरी ते आठवड्यांच्या हिशेबात टिकतं, महिन्यांच्या नाही. पेशंट गावाला जाणार असेल तर वर ग्लास आयनोमर भरून द्या.

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. ती रुग्णालय कळवतं, पण पालकांच्या नावाचं स्पेलिंग डिस्चार्जच्या आधी स्वतः तपासा. बाळाचं नाव नंतर, १२ महिन्यांच्या आत फी न भरता घालता येतं. पुढे शाळेच्या फॉर्मला हाच दाखला लागतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये कामावर परत आले तेव्हा आधी मांडलेला कागद खरा उपयोगी पडला. तान्ह्या मुलाला दोन-तीन तासांनी पाजावं लागतं, म्हणजे सलग काम दोन तासांच्या वर नाही. मग या दोन तासांत काय बसवायचं?

सोडता न येणारी कामं आधी. कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरणं घ्या. ॲसिड जेल १५ सेकंद लावून धुतलं की तिथून पुढे दाताला थुंकी लागता कामा नये. लागली तर परत ॲसिड, परत बाँड (भरणं चिकटवणारं द्रव). त्यानंतर २ मिलिमीटरचे थर आणि प्रत्येक थराला लाइट. दाढेचं मोठं भरणं असेल तर ॲसिडपासून शेवटच्या लाइटपर्यंत पंधरा-वीस मिनिटं उठायचंच नाही. त्याच्या आधीची कीड काढणं आणि नंतरचं पॉलिश मात्र केव्हाही थांबवता येतं. दात काढायला घेतला, एलिव्हेटर लावून हलवला, की तो बाहेर येऊन रक्त थांबेपर्यंत तुम्ही तिथेच. कॅप सिमेंट करताना सिमेंट धरून कडेचं जास्तीचं निघेपर्यंत उठायचं नाही. अल्जिनेटचं माप तोंडात असताना तर नाहीच, आणि माप बाहेर आल्यावरही ते दहा-पंधरा मिनिटांत प्लास्टरने ओतावं लागतं, नाहीतर आकसतं. बाळ लहान असेपर्यंत आम्ही कॅपची मापं ॲडिशन सिलिकॉनवर नेली. महाग आहे, पण ते माप लॅबच्या मुलाने दुसऱ्या दिवशी नेलं तरी बिघडत नाही. रूट कॅनालमध्ये हायपोक्लोराइट (आतून धुवायचं तीव्र जंतुनाशक) आत असताना सिरिंज कुणाच्या हातात देऊन उठणं हा विचारही करू नये.

मधे थांबता येणारी कामं : स्केलिंग (दातांची सफाई), कारण तोंडाच्या प्रत्येक चतुर्थांशाला नैसर्गिक थांबा आहे. कवळीचे जवळजवळ सगळे टप्पे. आणि रूट कॅनाल, टप्पे नीट पाडले तर. उघडून लांबी घेतली, इथे थांबता येतं. फाइलिंग पूर्ण करून औषध भरलं, इथेही थांबता येतं. आजकाल एका बैठकीत रूट कॅनाल संपवायची चढाओढ आहे. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत तरी दोन बैठका लावा, पेशंटला आधी सांगा, कुणी कुरकुर करत नाही. नवऱ्याचं मत वेगळं आहे, पण त्याला मधे उठून पाजायला जायचं नसतं.

तर सेशन असं लागलं : पाजून आल्याआल्या भरणं किंवा दात काढणं, मग रूट कॅनालची एक बैठक, शेवटी स्केलिंग किंवा कवळी. शेवटचं काम लांबलं तर अर्ध्यावर ठेवून पुढची तारीख देता येते, पहिलं लांबलं तर देता येत नाही. हा क्रम रिसेप्शनवर लिहून लावलेला हवा, नाहीतर फोन घेणारी ताई पेशंटच्या सोयीने सव्वाबाराला अक्कलदाढ लावून ठेवते.

सेशन संपल्यावरचा पाऊण तासाचा खंड ऑटोक्लेव्हला बरोबर पुरतो. १३४ अंशांवर निर्जंतुकीकरणाची वेळ तीन-चार मिनिटांचीच, पण व्हॅक्यूम, गरम होणं आणि सुकवणं धरून पूर्ण फेरी पाऊण तासाच्या घरात जाते. सुकवायच्या आधी पाउच बाहेर काढले तर ओले निघतात आणि ओला पाउच निर्जंतुक धरत नाहीत. म्हणून घाईचा दबावच नको. एका सेशनला पुरून दोन-तीन उरतील एवढे तपासणीचे सेट आणि कमीत कमी तीन एअरोटर (दात कोरायची हवेवरची यंत्रं) ठेवा. एअरोटर एकच असेल तर तुमचं वेळापत्रक बाळ ठरवत नाही, तो एअरोटर ठरवतो. पाणी डिस्टिल्डच घाला, नळाच्या पाण्याने चेंबरवर पांढरा थर धरतो.

चेअरवरून उठून बाळाला घ्यायच्या आधी एक क्रम आहे आणि तो कितीही रडारड असली तरी मोडायचा नाही. ग्लोव्ह्ज, मग हाताला रब (सॅनिटायझर), चष्मा, गाऊन आतून बाहेर गुंडाळत, पुन्हा रब, शेवटी कानामागून धरून मास्क. मग कोपरापर्यंत साबणाने ४० ते ६० सेकंद हात. स्क्रबचा शर्ट क्लिनिकमध्येच बदलायचा आणि घरच्या कपड्यांबरोबर धुवायचा नाही. घड्याळ, अंगठी, बांगडी सकाळीच घरी काढून ठेवायची. हे सगळं सरावाने तीन-चार मिनिटांत होतं. ही मिनिटं अपॉइंटमेंटच्या वहीत धरली नाहीत तर रोज उशीर.

दूध काढून ठेवायचं असेल तर २५ अंशांपर्यंत चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस हा सर्वसाधारण नियम. मुंबईच्या एप्रिल-मेमध्ये खोली २५ अंश कुठली असायला, म्हणून आइस पॅकची पिशवीच वापरा. आणि क्लिनिकच्या ज्या फ्रिजमध्ये बाँडिंग एजंट ठेवता त्यात दूध ठेवायचं नाही, छोटा असला तरी वेगळा फ्रिज.

पाळणाघर बघताना आम्ही दोन गोष्टींना मार्क दिले : संध्याकाळी किती वाजेपर्यंत, आणि फोन कोण करतं. मुंबईत दातांच्या दवाखान्याची खरी कमाई संध्याकाळी साडेसहा ते नऊ, ऑफिसची गर्दी गाडीतून उतरल्यावर. बहुतेक पाळणाघरं सात-साडेसातला बंद होतात. हा खड्डा कुठल्याही युक्तीने भरत नाही. आम्ही संध्याकाळ वारांनी वाटली : सोमवार, बुधवार, शुक्रवार मी क्लिनिकमध्ये आणि नवऱ्याने सहानंतर बाहेरची केस घ्यायची नाही. मंगळवार, गुरुवारी उलट. कामं वाटून घेण्यापेक्षा वार वाटलेले बरे, कारण 'आज जेवण कोण भरवणार' हा प्रश्नच उरत नाही. शनिवारी सासूबाई येतात. रविवारी बंद, तसाही मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतोच.

फोन असिस्टंटकडे. पाळणाघरातल्या मावशींशी ठरवून घेतलं की ताप, पडणं, काही भलतं गिळणं यासाठी लगेच फोन. खाल्लं नाही, झोपत नाही यासाठी मेसेज. ताई मागून फक्त 'मॅडम, आत्ता' किंवा 'मॅडम, नंतर' एवढंच म्हणते. पेशंटच्या समोर याहून जास्त काही बोलायचं नाही, त्याला वाटतं डॉक्टरचं लक्ष उडालं. आणि ताईलाही मुलं आहेत. तिच्या मुलाच्या परीक्षेच्या तारखा आमच्याच कॅलेंडरवर लिहिलेल्या असतात, कारण ती नसेल तर चार हातांची कामं लावून उपयोग नाही.

मूल रांगायला लागलं की क्लिनिकची जमीन त्याच्या उंचीवरून बघा. आमच्याकडे मुलगी रिसेप्शनच्या पुढे येत नाही हा नियम आहे, पण पेशंटचीही मुलं येतातच. ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडची सिरिंज चकचकीत निळ्या जेलची असते, मुलाला ती खेळण्यासारखीच वाटते. ती कपाटात, कुलपात. हायपोक्लोराइट कधीही बिसलेरीच्या बाटलीत ओतून ठेवू नये, मोठी माणसंसुद्धा ती तोंडाला लावतात. सुयांचा पांढरा डबा भिंतीवर, मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीला.

पहिला पूर्ण पावसाळा २०२३ चा. महापालिका दर वर्षी साडेचार मीटरवरच्या भरतीच्या तारखा आधीच जाहीर करते. त्या अपॉइंटमेंटच्या कॅलेंडरवर लाल करून ठेवा आणि त्या दिवशी सर्जरी लावू नका. जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की तुम्ही क्लिनिकमध्ये, मूल पाळणाघरात आणि नवरा ठाण्याला अडकलेला, अशी तीन ठिकाणं होतात. कॉम्प्रेसर आणि सक्शन मोटर तळमजल्यावर असेल तर दीड-दोन फुटांच्या ओट्यावर, प्लग पॉइंट त्याहून वर. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी फार जमतं. रोज रात्री खालचा कॉक उघडून ते सोडलं नाही तर एअरोटरमधून हवेबरोबर पाणी येतं, कॉम्पोझिटचं बाँडिंग फसतं आणि दोष मटेरियलला दिला जातो.

जून महिना कागदांचाही असतो. जैविक कचऱ्याचा वार्षिक अहवाल, फॉर्म ४, ३० जूनपर्यंत. व्यवसाय कराचे २,५०० रुपयेही ३० जूनपर्यंत. त्याच पंधरवड्यात राज्य मंडळाच्या शाळा उघडतात. आम्ही हे दोन्ही मे महिन्यात उरकतो. कचऱ्याची महिन्यावार वजनं रजिस्टरमध्ये रंगांप्रमाणे लिहिलेली असली तर फॉर्मला एक दुपार पुरते. नसली तर बारकोडच्या पावत्या शोधत बसावं लागतं.

शाळेचं थोडक्यात. नर्सरीला त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण व्हायला हवीत. ऑगस्ट २०२२ चा जन्म म्हणजे २०२५-२६ चं वर्ष. अनेक शाळांचे फॉर्म आदल्या दिवाळीच्या आगेमागे निघतात, म्हणजे क्लिनिकमधल्या सगळ्यात गर्दीच्या दिवसांत. फेब्रुवारी २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला, त्यामुळे सकाळच्या सेशनची सुरुवात दहाला नेली. आता दुपारी शाळा सुटायच्या वेळेला कुणीतरी गेटवर हवं असतं आणि पुन्हा तोच प्रश्न येतो : त्याआधीचं शेवटचं काम सोडता येणारं हवं. आता तिथे स्केलिंग असतं.

मोठ्या सुट्टीत, एप्रिल-मेमध्ये, उलटं होतं. शाळकरी पेशंटची गर्दी तेव्हाच, फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षांमुळे कुणी येत नाही, आणि आपलं मूलही घरी. मुलांची कामं सकाळी लावा. दुपारची झोप चुकलेलं मूल चेअरवर तोंड उघडत नाही, मग ते पेशंटचं असो की आपलं. ऑर्थोडॉन्टिस्ट आणि मुलांच्या डेंटिस्टच्या मे महिन्याच्या तारखा जानेवारीतच मागून घ्या, मार्चमध्ये मागितल्या तर उरलेले वार मिळतात.